चालली म्हणजे बरोबर चालली नव्हे

‘अहो, वर्षातून एकदा चालवायची स्क्रिप्ट आहे. चालली ना? मग झालं. दोन-चार खाती अडली तर हाताने करून टाकू.’ कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळांत आणि छोट्या कार्यालयांच्या सर्व्हररूममध्ये हे बोलणे नेहमी कानावर येते. लिनक्सच्या सर्व्हरवर शेकडो जणांची खाती उघडणारी शेल स्क्रिप्ट ही तात्पुरती सोय आहे, तिच्यातले दोष हुडकत बसणे ही सॉफ्टवेअर कंपन्यांची चैन आहे, असा हा पक्ष. तो मांडणारी माणसे बहुतेक वेळा कामसू असतात, एकट्याने सगळी यंत्रणा सांभाळत असतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे नीट समोर ठेवून खोडून काढले पाहिजे. माझ्या मते अशा स्क्रिप्टचा घातक दोष ती अडते त्या ओळीवर सापडत नाही. ती जिथे अडायला हवी होती आणि तरीही पुढे गेली, तिथे तो असतो. आणि त्याची झळ स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला बसत नाही, यादीतल्या कुणाला तरी बसते.

स्क्रिप्टचा सांगाडा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. कार्यालयाकडून आलेली यादी ओळीओळीने वाचायची, नावाचे पहिले अक्षर आणि आडनाव जोडून यूजरनेम बनवायचे, ‘यूजरॲड’ कमांडने खाते उघडायचे, ‘सीएचपासवर्ड’कडे यूजरनेम आणि पासवर्ड सोपवायचे, ‘खाते तयार’ असे छापायचे आणि पुढची ओळ घ्यायची. समजा, गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या सुनीता पाटीलचे खाते सर्व्हरवर आहे. यंदाच्या यादीत संदीप पाटील आला. कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही कॉलेजात हे घडणारच. पाटील, जाधव, शिंदे यांच्या गर्दीत पहिले अक्षर कितीसे वेगळे पडणार? दोघांचेही यूजरनेम ‘एसपाटील’. संदीपच्या ओळीवर यूजरॲड सांगते की हे नाव आधीच घेतलेले आहे, आणि 9 हा एक्झिट कोड देऊन माघारी येते. स्क्रिप्टने तो कोड पाहिलेलाच नाही. पुढची ओळ सीएचपासवर्डची. ‘एसपाटील’ नावाचे खाते आहे? आहे. मग त्याचा पासवर्ड बदलायचा. तो बदलतो, शून्य एक्झिट कोड मिळतो, पडद्यावर ‘खाते तयार’ उमटते.

संदीपला पासवर्डची चिठ्ठी मिळते. तो लॉगिन करतो आणि सुनीताच्या होम डिरेक्टरीत पोहोचतो. तिने वर्षभर लिहिलेले प्रोग्राम, तिचे प्रकल्पाचे काम, सगळे त्याच्या पुढ्यात, वाचायला आणि पुसायलाही. सुनीता दुपारी प्रात्यक्षिकाला येते आणि तिचाच पासवर्ड तिला आत घेत नाही. ती तक्रार करते, तिला पासवर्ड बदलून मिळतो, आता संदीप बाहेर. दोघांनाही सांगितले जाते की पासवर्ड नीट लक्षात ठेवत जा. जुन्या भाडेकरूच्या दाराला नवे कुलूप बसवून त्याची किल्ली नव्या भाडेकरूच्या हाती द्यावी, असा हा प्रकार. आणि यंत्रणेच्या लेखी तो शंभर टक्के यशस्वी आहे. ‘अडली ती खाती हाताने करू’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो: इथे अडले कोणते खाते? यूजरॲडचा नकार शेकडो ओळींच्या धबधब्यात वर निघून गेला. काही स्क्रिप्टांत तर तो मुद्दाम ‘डेव्ह नल’कडे वळवलेला असतो, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून.

यावरचा उपाय अवघड नाही. यूजरॲड यशस्वी झाली तरच पासवर्डच्या ओळीकडे जायचे, एवढी एक अट. पण अट घालणारा लगेच पुढच्या प्रश्नाशी येतो: नाही झाली तर काय करायचे? आणि खरे काम इथे सुरू होते. यूजरॲड नुसता नकार देऊन थांबत नाही, नकाराचे कारण आकड्यात सांगते. 9 म्हणजे नाव आधीच आहे, 4 म्हणजे यूजर आयडी आधीच वापरात आहे, 6 म्हणजे सांगितलेला ग्रुपच नाही, 12 म्हणजे होम डिरेक्टरी तयार करता आली नाही. या चारही प्रसंगी करायची गोष्ट वेगळी आहे. ग्रुप नसेल तर सगळी यादीच थांबवायला हवी, कारण पुढची प्रत्येक ओळ त्याच कारणाने पडणार. नाव आधीच असेल तर ती ओळ बाजूला काढून माणसाला विचारायला हवे की हा तोच विद्यार्थी की दुसरा. हा निर्णय कुणीतरी आधी घेऊन ठेवावा लागतो. तो घेतला नाही तर शेल स्वतःहून पुढची ओळ चालवते, आणि तोच निर्णय ठरतो.

‘काही चुकलेच तर स्क्रिप्ट पुन्हा चालवू’ हा दुसरा युक्तिवाद. वरच्या सांगाड्यात दुसऱ्यांदा चालवणे पहिल्याहून वाईट. आता यादीतल्या प्रत्येक नावावर यूजरॲड 9 देणार आणि प्रत्येक नावावर सीएचपासवर्ड यशस्वी होणार. पासवर्ड आपोआप बनवले जात असतील तर सगळ्यांचे पासवर्ड नव्याने पडले. सकाळी वाटलेल्या चिठ्ठ्या दुपारी रद्दी झाल्या. ज्यांनी शहाणपणाने पहिल्याच दिवशी आपला पासवर्ड बदलला होता, ते सगळ्यात आधी बाहेर फेकले गेले. दुसऱ्यांदा चालवल्यावर काहीच बदलत नाही, अशी स्क्रिप्ट लिहिता येते. फक्त ती तशी आहे हे दोनदा चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि एवढे पाहायलाच ही मंडळी तयार नसतात.

यादीचे दुखणे तर स्वतंत्रच आहे. कार्यालयातून येते ती एक्सेलची फाइल. ‘स्क्रिप्ट बरोबर आहे हो, फाइलच खराब होती,’ हे वाक्य मी अमान्य करतो. फाइल खराब असणार हे ठाऊक असलेल्या जागी फाइलवर विश्वास ठेवणारी स्क्रिप्टच चुकलेली आहे. विंडोजवर जतन केलेल्या मजकुरात प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हे असतात, कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन. लिनक्सवर ओळ संपवायला नुसती न्यूलाइन पुरते. शेल ती काढते आणि कॅरेज रिटर्न शेवटच्या रकान्याला चिकटून राहते. शेवटचा रकाना पासवर्डचा असेल तर ते न दिसणारे चिन्ह पासवर्डचा भाग बनते आणि हॅश त्यासकट होते. विद्यार्थी चिठ्ठीवरचा पासवर्ड अक्षर न् अक्षर बरोबर टंकतो. यंत्र म्हणते चूक. तो तीन-तीनदा टंकतो, कॅप्स लॉक तपासतो, शेवटी शेजारच्याला विचारतो. व्यवस्थापक पासवर्डचे व्हेरिएबल पडद्यावर छापून बघतो, तर तिथेही सगळे बरोबर, कारण कॅरेज रिटर्न पडद्यावर उमटत नाही, कर्सरला फक्त ओळीच्या सुरुवातीला नेते. हेच चिन्ह यूजरनेमला चिकटले तर यूजरॲडची एरर अर्धी स्वतःवरच छापली जाते आणि वाचताच येत नाही. अशा वेळी ‘कॅट’ला कॅपिटल ‘ए’चा पर्याय देऊन फाइल उघडायची किंवा ‘ओडी’ने तिचे बाइट उलगडायचे, ओळीच्या टोकाला ते चिन्ह उघडे पडते. मग ‘टीआर’ने ते वाचण्याआधीच गाळायचे. डीबगिंग म्हणजे हे: आपल्याला जे दिसते त्यावर विश्वास न ठेवता यंत्राला काय मिळाले ते बघणे.

त्याच फाइलच्या पहिल्या ओळीच्या अगोदर एक्सेल कधी कधी यूटीएफ-आठची खूण म्हणून तीन बाइट ठेवते, म्हणजे पहिल्या विद्यार्थ्याचे यूजरनेम अवैध ठरते. शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइन नसेल तर शेलची ‘रीड’ कमांड ओळ वाचते, व्हेरिएबलमध्ये भरतेही, पण अपयशाचा कोड देते. लूप तिथेच संपतो आणि शेवटचा विद्यार्थी राहून जातो. ‘पहिला आणि शेवटचा दरवर्षीच राहतात, ते हाताने करतो’ असे मला एकाने शांतपणे सांगितले होते. दरवर्षी! लक्षण इतके नियमाने दिसत असताना त्याचे कारण शोधावेसे वाटू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण शोधले असते तर मधल्यांच्या पासवर्डला चिकटलेले चिन्हही त्याच फाइलमध्ये सापडले असते.

थोडे जाणते लोक इथे म्हणतात, ‘वर एक सेट-ई लिहा, पहिल्या चुकीला स्क्रिप्ट थांबेल.’ सेट-ई उपयोगी आहे, पण त्याच्यावर सोडून देण्याइतके नाही. ‘इफ’च्या अटीत पडलेली कमांड, ‘अँड-अँड’ किंवा ‘ऑर-ऑर’च्या डावीकडची कमांड, अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आतली कमांड, यांपैकी कशावरही ते थांबत नाही. पाइपमध्ये फक्त शेवटच्या कमांडचा कोड धरला जातो, पाइपफेल वेगळे लावले नसेल तर. ‘कॅट’ने फाइल ओतून पाइपच्या पलीकडे लूप चालवला तर बॅशमध्ये तो लूप सबशेलमध्ये चालतो, आत ‘एक्झिट’ लिहिले तरी त्याने संपते ते फक्त सबशेल. किती खाती झाली याची मोजणी आत केली तर बाहेर येऊन ती पुन्हा शून्य दिसते. आणि समजा सेट-ई थांबले, तर कुठे थांबले? यादीच्या मध्यावर, निम्मी खाती उघडून. आता पुन्हा चालवायचे तर वरचा प्रश्न जसाच्या तसा उभा. नुसते थांबणे हा संदीप आणि सुनीताच्या गुंत्यावरचा निर्णय होऊ शकत नाही.

काही दोष तर एकही एरर देत नाहीत. स्क्रिप्ट बॅशसाठी लिहिलेली असते आणि कुणीतरी ती ‘एसएच’ म्हणून चालवते. उबुंटूवर 2006 च्या 6.10 आवृत्तीपासून ‘एसएच’ म्हणजे डॅश. बॅशमधले ‘रँडम’ हे व्हेरिएबल दर वेळी नवा आकडा देते. डॅशमध्ये या नावाचे काही नाही, ते रिकामे. ‘वेलकम’ या शब्दापुढे रँडम जोडून पासवर्ड बनवणारी स्क्रिप्ट डॅशमध्ये सगळ्यांना एकच पासवर्ड देते: नुसते ‘वेलकम’. सगळी खाती उघडतात, सगळ्यांचे लॉगिन होते, एकही तक्रार येत नाही. ‘तक्रार आली की बघू’ या धोरणात हा दोष कधीच सापडणार नाही. सेट-यू लावले असते तर पहिल्याच ओळीला कळले असते. (आणि बॅशमध्ये चालली तरी रँडम हे पासवर्डासाठी नाही, ते 0 ते 32767 एवढ्यातच फिरते.)

रिकाम्या व्हेरिएबलचे याहून मोठे नुकसान बघा. यादीत चुकून एक कोरी ओळ राहिली. यूजरनेम रिकामे, यूजरॲड नकार देते, स्क्रिप्ट पुढे जाते. पुढे ‘होम’मधल्या त्या यूजरच्या डिरेक्टरीला 700 परवानग्या लावायच्या आहेत, आतल्या सगळ्यासकट. नाव रिकामे असल्यामुळे मागे उरते नुसते ‘होम’. मग ‘होम’ डिरेक्टरीच रूटखेरीज सगळ्यांना बंद होते. एका कोऱ्या ओळीने अख्खे कॉलेज आपापल्या घराबाहेर. हा काल्पनिक धाक नव्हे. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम-प्रणालीच्या शेल स्क्रिप्टमध्ये डिरेक्टरीचे व्हेरिएबल रिकामे राहिले आणि तिने आपली डिरेक्टरी पुसण्याऐवजी मुळापासून, म्हणजे रूटपासून, हात लागेल ते पुसायला घेतले. वापरणाऱ्यांच्या वैयक्तिक फाइल त्यात गेल्या. ती स्क्रिप्टही असंख्य वेळा सुरळीत चाललेली होती.

पासवर्डच्या बाबतीत मात्र मला डीबगिंग करणाऱ्यांशीही भांडायचे आहे. यूजरॲडच्या ‘पी’ पर्यायाला उघडा पासवर्ड देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तो पर्याय आधीच हॅश केलेली किंमत मागतो. उघडा शब्द दिला तर तो तसाच ‘शॅडो’ फाइलमध्ये जाऊन बसतो आणि लॉगिन कधीच होत नाही. शिवाय कमांड चालू असेपर्यंत तो ‘पीएस’च्या यादीत कुणालाही दिसू शकतो. आता हा दोष शोधायला माणूस सेट-एक्स लावतो. प्रत्येक कमांड तिच्या भरलेल्या किमतींसह छापली जाते, सगळे लॉगमध्ये जाते, आणि दोष सापडल्यावर लॉग तिथेच राहतो, कुणालाही वाचता येईल अशा परवानग्यांसह, सगळ्या वर्गाचे पासवर्ड पोटात घेऊन. सेट-एक्स लावा, जरूर लावा; पासवर्डच्या ओळींभोवती ते बंद करा आणि तपासणीला खोटी यादी वापरा.

साठच्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेवर जे झाले ते प्रत्येक व्यवस्थापकाला ठाऊक असावे. एक व्यवस्थापक पासवर्डची फाइल संपादित करत होता, दुसरा त्याच वेळी रोजचा संदेश. एडिटरच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सगळ्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 मध्ये युनिक्सच्या पासवर्ड-सुरक्षेवर लिहिलेल्या निबंधात हा प्रसंग सांगितला आहे. पासवर्ड उघडा साठवूच नये, या त्यांच्या मांडणीत तो पुरावा म्हणून येतो. आजही आपल्या स्क्रिप्टा ‘टेंप’मध्ये ठरलेल्या एकाच नावाची फाइल करतात आणि दोघांनी एकदम चालवल्या तर एकमेकींची यादी वाचतात. ‘एमकेटेंप’ ही कमांड दर वेळी वेगळे नाव देते, फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी उघडते. ती न वापरण्याचे कोणतेही कारण मला पटलेले नाही.

सगळ्यात ताकदीचा आक्षेप शेवटी घेतो. ‘शेल स्क्रिप्ट दुरुस्त करत कशाला बसता? अन्सिबल घ्या, नाहीतर सरळ एलडॅप उभारा.’ यात तथ्य आहे. अन्सिबल तेच काम पुन्हा चालवले तर आहे ते तसेच ठेवण्याचा प्रयत्न करते, फाइल वाचण्याच्या कटकटी कमी होतात. मोठ्या संस्थेला मध्यवर्ती डिरेक्टरीशिवाय गत्यंतर नाही. पण साधन बदलले की दोष जातो, हे खरे नाही. अन्सिबलच्या यूजर मॉड्यूललाही पासवर्ड हॅश करूनच द्यावा लागतो. उघडा दिला तर शॅडो फाइलमध्ये तोच गोंधळ. आणि संदीप-सुनीताचे काय? मॉड्यूल बघते की ‘एसपाटील’ खाते आहे, आणि पासवर्ड दर वेळी सांगितलेल्या किमतीवर आणणे ही तिथली मूळ वागणूक असल्यामुळे शांतपणे सुनीताचा पासवर्ड बदलते. यूजरॲड निदान 9 म्हणून ओरडली तरी होती. इथे ‘बदल झाला’ अशी समाधानाची नोंद येते. दोन माणसे एकच आहेत असे आपणच सांगितल्यावर कोणते साधन काय करणार? शेल स्क्रिप्टमध्ये ज्याने ही गाठ सोडवलेली नाही, त्याच्या हातात अन्सिबल आल्याने ती सुटत नाही.

शेलचेक हे तपासणीचे साधन अवतरणचिन्हे नसलेले व्हेरिएबल दाखवते, म्हणजे ‘सुनीता रमेश पाटील’ या पूर्ण नावाचे तीन तुकडे होऊन यूजरॲड गोंधळायची थांबते. ते फुकट आहे, मिनिटाभरात चालते, रोज वापरावे. पण दोन पाटील त्याला दिसत नाहीत. ते दिसायला वाईट यादी मुद्दाम बनवावी लागते: एकाच यूजरनेमची दोन माणसे, मध्ये एक कोरी ओळ, विंडोजच्या ओळटोकांची फाइल, न्यूलाइनशिवाय संपणारी शेवटची ओळ, एखादे देवनागरीत लिहिलेले नाव. फेकून देता येईल अशा व्हर्च्युअल मशीनवर ती चालवायची, लगेच दुसऱ्यांदा चालवायची. मग स्क्रिप्ट काय म्हणते ते बाजूला ठेवून यंत्रणेला विचारायचे: ‘गेटेंट’ने खाती बघायची, होम डिरेक्टरीचा मालक बघायचा, आणि दोन-तीन नावांनी खरोखर लॉगिन करून बघायचे. ‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’ हे विचारणाऱ्यांचा वेळ वाचत नाही. तो प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी पडद्यासमोर अडकलेल्या मुलीच्या वेळातून वजा होतो, आणि तिला तो परत मिळत नाही.

दोन पाटलांची गाठ मात्र टर्मिनलवर सुटणार नाही, तिच्यासाठी उठून कार्यालयात जावे लागेल. यादीत नावाबरोबर पीआरएन द्या, असे सांगावे लागेल. विद्यापीठाने प्रत्येकाला दिलेला तो क्रमांक दोघांचा सारखा नसतो. यूजरनेम त्यावरून बनवायचे, पूर्ण नाव वेगळ्या रकान्यात ठेवायचे. नुसत्या आकड्यांचे यूजरनेम मात्र ठेवू नये, कारण यूजरनेम आणि यूजर आयडी यांत कमांडांचा घोटाळा होतो आणि यूजरॲडच्या बऱ्याच आवृत्त्या ते स्वीकारतही नाहीत. म्हणून पुढे एक अक्षर लावायचे. मग यूजरॲडने 9 दिला तर त्याचा अर्थ एकच उरतो: या विद्यार्थ्याचे खाते आधीच आहे, त्याच्या पासवर्डला हात लावायचा नाही.